बेडूक येतील असं तळं

माझं पहिलं तळं म्हणजे खरं तर एक टाकी होती. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल, चारही भिंती सरळ उभ्या आणि आतून घोटलेलं सिमेंट. त्यात कमळाचे दोन कंद लावले, पाणी सोडलं आणि बेडकांची वाट बघू लागलो. पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या चौथ्या दिवशी एक भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा, जमिनीवर राहणारा बेडूक, आलाही. सकाळी बघितलं तर तो पाण्यावर तरंगत होता, पाय ताणलेले, पोट फुगलेलं. भिंतींना पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा पातळ पापुद्रा धरला होता, तो चारही बाजूंनी पुसला गेला होता. रात्रभर तो भिंतींना हात लावत फिरला असणार. बेडूकही बुडून मरतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो फुप्फुसांनी श्वास घेतो. टेकायला जागा मिळाली नाही की दमतो आणि बुडतो.

त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर मी दोन तळी केली, बऱ्याच चुका केल्या, वहीत नोंदी ठेवल्या. आता कुणी विचारलं की पहिलं हेच सांगतो: बाकी सगळं जमेल तसं करा, पण काठ नीट करा. पाण्यातून जमिनीवर आणि जमिनीवरून पाण्यात चालत जाता यायला हवं. निदान एका बाजूला तरी.

कुणासाठी करतोय ते आधी समजून घ्या

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यांना बेडूकच म्हणतो, पण बागेच्या दृष्टीने दोन वेगळे पाहुणे आहेत. एक तुळतुळीत, ओल्या कातडीचा, लांब मागच्या पायांचा. चाहूल लागली की लांब उडी मारून थेट पाण्यात. तो पाण्याजवळच राहतो. दुसरा भेक. कातडी कोरडी, खडबडीत, फोडाफोडांची, पाय आखूड, चाल संथ. भेक वर्षातले बहुतेक दिवस पाण्यापासून दूर, कुंडीखाली किंवा मातीत काढतो आणि अंडी घालण्यापुरताच काही रात्री पाण्यावर येतो. म्हणून भेक हवा असेल तर तळ्याइतकीच भोवतालची बाग महत्त्वाची. तिसरे झाडावरचे बेडूक. त्यांच्या बोटांच्या टोकांना चिकट गाद्या असतात. त्यांतल्या काही जाती पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतात आणि पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. तुमच्याकडे असे बेडूक असतील तर पाण्यावर आलेली एखादी फांदी तोडू नका.

तिघांनाही लागू असलेली एक गोष्ट म्हणजे त्यांची कातडी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर पोट टेकून बसतो आणि पोटाच्या व मांड्यांच्या पातळ कातडीतून पाणी ओढून घेतो. आपण बागेत जे जे शिंपडतो, ओततो, धुतो, तेही त्याच वाटेने त्याच्या अंगात जातं. खाली मी बरेच नियम सांगणार आहे. त्यांतले निम्मे या एका गोष्टीतून निघतात.

जागा आणि खड्डा

दिवसातले चार-पाच तास ऊन आणि बाकीचा वेळ सावली मिळेल अशी जागा बघा. ऊन नसेल तर शेवाळ धरत नाही आणि शेवाळ हे पिल्लांचं अन्न. दिवसभर तळपणारं ऊन असेल तर उथळ पाणी तापून मरतुक होते. मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी तळं नको, पानं पडून कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खातात. खत घातलेल्या वाफ्यांचं पाणी उतरून येईल अशा खोलगट कोपऱ्यातही नको.

आकाराची काळजी करू नका. जमिनीत पुरलेल्या मोठ्या टबातसुद्धा भेकांनी अंडी घातलेली मी पाहिली आहेत. तरी जागा असेल तर सहा फूट बाय चार फूट छान. मधोमध दीड फूट खोली पुरते. हिवाळ्यात पाणी गोठत असेल अशा ठिकाणी मात्र मध्यभागी दोन फुटांहून जास्त हवी, म्हणजे तळाशी गोठत नाही. एका बाजूला पाण्याच्या कडेपासून हळूहळू उतार द्या. तीन फूट आत गेल्यावर एक फूट खोली, या हिशोबाने. दुसऱ्या बाजूला वीतभर खोलीवर एक पायरी सोडा, झाडांसाठी.

प्लास्टिकचा कागद घालणार असाल तर त्याचं माप असं काढा: तळ्याची लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही टोकांना एकेक फूट. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्ड्याला ११ बाय ९ फुटांचा कागद लागतो. कागदाखाली जुनी चादर किंवा पोती अंथरा, खडे टोचत नाहीत. आणि उतारावर कागद उघडा ठेवू नका. ओला प्लास्टिक गुळगुळीत असतो, पिल्लांचे पाय त्यावर ठरत नाहीत. तिथे वाळू, गोटे आणि मातीचा थर द्या.

सिमेंट केलंत तर नव्या सिमेंटातून चुना सुटतो, पाणी फार अल्कधर्मी होतं. तीन-चार वेळा भरून, काही दिवस ठेवून, उपसून टाका आणि मगच झाडं लावा.

आधीच उभ्या भिंतींची टाकी असेल तर पाडायची गरज नाही. कोपऱ्यात दगड पायऱ्यांसारखे रचा, वरचा दगड पाण्याबाहेर आला पाहिजे. किंवा एका फळीला सुंभ गुंडाळून ती तिरपी टाका, एक टोक पाण्यात, एक काठावर. माझ्या जुन्या टाकीत आता अशीच फळी आहे. तिच्यावर सुंभाच्या वळ्यांत शेवाळ धरलंय आणि रात्री बॅटरी मारली की एखादा तरी भेक तिच्यावर निम्मा पाण्यात, निम्मा बाहेर बसलेला दिसतो.

घरात लहान मूल असेल तर मात्र आधी कुंपण किंवा पाण्यावर भक्कम जाळी, मग पाणी. मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. जाळीच्या भोकांतून बेडूक सहज ये-जा करतो.

पाणी

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. नळाचं भरायचं तर क्लोरीन उडून जायला ते दोन दिवस उघडं ठेवा. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते नुसतं ठेवून उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे द्रव मिळतो, तो वापरा. पाण्याची पातळी उतरली तर एका वेळी थोडंच पाणी घाला, बादली-दोन बादल्या.

पंप, कारंजं, धबधबा यांचा मोह आवरा. बागेत येणाऱ्या बहुतेक जातींना अंडी घालायला स्थिर पाणी लागतं आणि पंपाच्या तोंडात बेडूकमासे ओढले जातात. पंप आधीच बसवलेला असेल तर अंडी दिसल्यापासून बंद ठेवा, निदान तोंडाला स्पंज बांधा.

उन्हाळ्यात तळं आटलं तरी घाबरू नका. पिल्लं बाहेर पडून गेलेली असतील तर आटणं चांगलंच. त्यांना खाणारे मासे आणि किडे त्या निमित्ताने संपतात. निसर्गातल्या कितीतरी जाती मुद्दाम अशी हंगामी डबकी निवडतात.

झाडांबद्दल थोडक्यात. तीन प्रकारची हवीत: पाण्यात बुडून राहणारी, काठाशी उभी राहणारी (लव्हाळा, वेखंड यांसारखी) आणि कमळासारखी पानं तरंगवणारी. आपल्या भागातलीच निवडा. निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग झाकला की पुरे. जलपर्णी मात्र अजिबात आणू नका, महिन्याभरात पाणीच दिसेनासं होतं. खत नको.

मासे नकोत

यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं आणि मी मागे हटत नाही. मासे पाळायचे असतील तर दुसरी टाकी करा. गोल्डफिश, गप्पी, डासांसाठी जगभर सोडले गेलेले गॅम्बुसिया, सगळे अंडी आणि पिल्लं खातात. भेकाची काळी पिल्लं बऱ्याच माशांना बेचव लागतात, त्यामुळे ती कधीकधी वाचतात. बेडकाची वाचत नाहीत.

मग डासांचं काय? हा प्रश्न रास्त आहे. बेडूकमासे डासांच्या अळ्या फस्त करतात असं लोक सांगतात, पण त्यावर विसंबू नका. त्यांचं मुख्य खाणं शेवाळ. अळ्या खरोखर संपवतात ती चतुरांची पाण्यातली पिल्लं आणि पाणभुंगेरे. ते आपण होऊन येतात, पण त्यांना काही आठवडे लागतात. उबदार हवेत डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून सुरुवातीचा महिना जोखमीचा. तेवढ्यात दर तीन-चार दिवसांनी बारीक जाळीने अळ्या काढा. अंडी आणि बेडूकमासे असतील तर ते जाळीत येणार नाहीत इतकं जपून. फारच झाल्या तर बीटीआय नावाच्या जिवाणूची पावडर किंवा वडी मिळते. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात हा जिवाणू सापडला. त्याचं विष डासाच्या अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसातच विरघळून काम करतं. रॉकेल किंवा तेल मात्र कधीही ओतू नका. आणि तळ्याकडे बोट दाखवण्याआधी कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. माझ्या बागेत अळ्या सर्वांत जास्त तिथेच निघाल्या.

तळ्याभोवती

पाणी झालं की लोक थांबतात. भेकासाठी इथून काम सुरू होतं.

त्याला दिवसा लपायला गार, ओलसर, अंधारी जागा हवी. मातीची जुनी कुंडी सावलीत आडवी ठेवून निम्मी पुरा. आतली तळाची बाजूही मातीने भरून घ्या, कारण भेकाला खाली माती लागते. मागच्या पायांच्या टाचेपाशी त्याला एक कठीण उंचवटा असतो. त्याने माती बाजूला सारत तो मागच्या मागे खाली उतरतो. मी एकदा बसून पाहिलं: कुल्ले डावीकडे, उजवीकडे हलवत तो इंच-इंच खाली गेला आणि शेवटी दोन सोनेरी डोळे तेवढे मातीवर उरले. मग तेही मिटले. वर माती सरकली आणि तिथे काही होतं याचा मागमूस राहिला नाही. त्या दिवसापासून मी बागेत कुदळ मारत नाही, हाताने माती उकरतो.

कुंडीबरोबर लाकडांचा ढीग, पालापाचोळ्याचा कोपरा आणि तळ्यापासून तिथपर्यंत न कापलेल्या गवताचा एक पट्टा ठेवा. फरशीने चारही बाजू बंद करू नका, तापलेली फरशी ओलांडताना पिल्लं सुकतात. कुंपणाला जमिनीलगत चार-पाच बोटं फट ठेवा, नाहीतर ते येणार कुठून? थंड प्रदेशात असाल तर पाचोळ्याचा ढीग हिवाळाभर उपसू नका, खाली कुणीतरी झोपलेलं असतं. रात्री बागेतला दिवा बंद करा.

औषधं पूर्ण बंद, हा माझा आग्रह. कीटकनाशकाने एकीकडे बेडकाचं अन्न मरतं आणि दुसरीकडे तेच त्याच्या कातडीतून आत जातं. गोगलगायींसाठीच्या विषारी गोळ्या तर खाणाऱ्यालाही मारतात. तणनाशकांचं लोकांच्या लक्षात येत नाही: काही तणनाशकांमध्ये द्राव पानावर पसरावा म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो आणि तो बेडूकमाशांच्या कल्ल्यांना मारक ठरतो. एका वर्षी शेजारच्या आवारात फवारणी झाली, रात्री पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तळ्यात दीडशेच्या वर पिल्लं उलटी पडलेली होती. मी ती मोजली, कारण मोजल्याशिवाय राहवलं नाही. त्यानंतर मी शेजाऱ्यांना तळ्याकाठी बोलावून पिल्लं दाखवली. आता फवारायचं असेल तर ते आधी सांगतात आणि मी मधे मातीचा बांध घालतो.

बेडूक उचलून आणू नका

वाट बघून कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. दुसऱ्या तळ्याच्या पहिल्या हंगामात माझ्याकडे एकही बेडूक आला नाही. नात रोज विचारायची, “आजोबा, आपण एक पकडून आणायचा का?” नाही आणायचा. एक तर मोठा बेडूक आपल्या जुन्या पाण्याकडे परत जायला निघतो आणि वाटेत चिरडला जातो. अनेक देशांत तो पकडणं बेकायदाही आहे. पण मोठं कारण रोगाचं. कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, कातडीची क्षार आणि पाणी घेण्याची क्षमता बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. १९९८ मध्ये ती ओळखली गेली. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार निदान ५०१ उभयचर जातींच्या घसरणीत तिचा हात आहे आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या संपल्या. बेडूक, त्याची अंडी, दुसऱ्या तळ्यातलं पाणी, चिखललेले बूट, यांतल्या कशानेही ती पसरू शकते. म्हणून “जिवंतपणा यावा” म्हणून दुसऱ्या तळ्याचं बादलीभर पाणी आणून ओतण्याचा सल्लाही मला मान्य नाही.

परका बेडूक सोडला तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियाने पाहिलं आहे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ मध्ये तिथे परदेशी भेक आणले. भुंगेरे राहिले, भेक मात्र हजारो किलोमीटर पसरले.

तेव्हा तळं तयार ठेवा आणि थांबा. पावसाच्या रात्री हिंडणारे तरुण बेडूक नवं पाणी शोधून काढतात. एक-दोन वर्षं लागतील.

ते आले की

दुसऱ्या हंगामात एका रात्री साडेनऊला तळ्याकडून आवाज आला. लांब, एकसुरी, थरथरता, श्वास न घेता चाललेला. मी बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावून गेलो. उतारावर नर बसला होता, गळ्याखाली लिंबाएवढा फुगा, आवाजाबरोबर थरारणारा. पहाटेपर्यंत मादी आली होती आणि नर तिच्या पाठीवर घट्ट मिठी मारून बसला होता. सकाळी वेखंडाच्या देठांभोवती पारदर्शक दोरे गुंडाळलेले होते, आत काळ्या मण्यांच्या रांगा. अंडी कुणाची ते असं ओळखा: भेकाची माळेत, बेडकाची बहुधा गोळ्यात. भेकाची एक मादी हजारोंनी अंडी घालते, तेव्हा सगळी जगणार नाहीत याची मनाची तयारी ठेवा.

माझ्या वहीतल्या नोंदी: तिसऱ्या दिवशी वळवळ. चोविसाव्या दिवशी मागचे पाय. पस्तिसाव्या दिवशी पुढचे. थंड हवेत यालाच तीन-चार महिने लागू शकतात. त्यांना पाव, भात, बिस्किट घालू नका, पाणी नासतं. शेवाळ पुरतं.

पुढचे पाय येतात ती वेळ जवळून बघा. मागचे पाय कोंबासारखे हळूहळू वाढताना दिसतात, पुढचे मात्र कातडीखाली तयार होत असतात. आधी छातीच्या बाजूला कोपराचा उंचवटा दिसतो, कातडी ताणली जाते आणि एके दिवशी कोपर बाहेर येतं. हे सगळं थायरॉइडच्या संप्रेरकाने घडतं. १९१२ मध्ये गुडर्नाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातल्या, तर ते वेळेआधीच माशीएवढे चिमुकले बेडूक झाले.

पुढचे पाय आले की पिल्लू खाणं थांबवतं. शेवाळ खरवडणारं तोंड मोडून रुंद जबडा होत असतो, लांब आतडं आखूड होत असतं, आणि तेवढे दिवस ते आपली शेपटी अंगात जिरवून जगतं. कल्ले जातात, फुप्फुसं सुरू होतात. म्हणजे याच दिवसांत ते बुडू शकतं. पोहायला शेपूट अपुरी, श्वासाला हवा लागते, आणि टेकायला काठ हवा. पातळी उतरून उतार कोरडा पडला असेल तर ती भरून घ्या किंवा काठाशी गोटे, काटक्या, तरंगतं झाड टाका.

एरवी देखभाल कमी. वर्षातून एकदा, अंडी-पिल्लं नसताना, निम्मंच तळं साफ करा. काढलेलं गवत रात्रभर काठावर राहू द्या, त्यातले जीव परत पाण्यात जातात. साबण, ब्लीच काही नको. हाताळायचंच झालं तर हात ओले करा आणि नंतर धुवा. भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं आणि फेस येऊ लागला तर तोंड पाण्याने बाजूने धुऊन लगेच पशुवैद्याकडे न्या. बेडूक आले की त्यांच्यामागे बगळा येईल, कदाचित सापही येईल. मी दोघांनाही हाकलत नाही, पण रात्री बॅटरीशिवाय तळ्याकडे जात नाही.

माझ्या नोंदीत एकेचाळिसावा दिवस आहे. दुपारी सर आली आणि संध्याकाळी उतारावरची वाळू हलताना दिसली. नखाएवढे भेक, शेपटीचा काळा ठिपका अजून मागे राहिलेला, शेकड्यांनी बाहेर पडत होते. नातीने बोट जमिनीवर टेकवलं आणि एक त्याच्यावर चढून पलीकडे उतरला. त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस आम्ही गवत कापलं नाही, त्या बाजूने सायकल नेली नाही आणि बागेत जाताना प्रत्येक पाऊल खाली बघून टाकलं. तुमच्याकडे हा दिवस येईल तेव्हा तुम्हीही एवढं करा.